राख काढू नकोस

त्याचं तोंड पाहण्याआधी मी त्याचं पाप पाहिलं.

माझा कॉम्प्युटर बंद पडला होता, म्हणून त्या दिवशी मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले. परळीच्या मोंढ्यात, खताच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं काम चालतं. युरोपातले जुने, तिकडेही लोक विसरून गेलेले भयपट स्कॅन होऊन पुण्याच्या कंपनीमार्फत आमच्याकडे येतात. आम्ही एकेका फ्रेमवरचे डाग, ओरखडे पुसायचे. मग त्यांच्या चकचकीत डिस्क निघतात आणि तिकडचे शौकीन हौसेनं विकत घेतात.

समोर स्क्रीनवर एका स्पॅनिश सिनेमाचा शेवट उघडा होता, मूळ आणि साफ केलेला शेजारी शेजारी. किल्ला जळून गेलाय, अंगणात एकटी बाई उभी आहे आणि तिच्यावर राख पडतेय... म्हणजे मूळ फिल्ममध्ये पडतेय. साफ केलेल्या फिल्ममध्ये आभाळ कोरडं ठणठणीत!

“कोण्या गाढवानं केलं हे?” मी ओरडलेच.

“गाढव मागंच उभं हाय,” पाठीमागून आवाज आला. “अन् ती खुर्ची बी गाढवाचीच हाय.”

वळले. सावळा, उंच, हसू दाबत उभा. तलवाड्याचा अजिनाथ, नुकताच कामाला लागलेला. तो सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता, त्यामुळे माझा राग आणखीच चढला.

“डाग होते, काढले,” तो म्हणाला.

“डाग एका फ्रेममध्ये येतो, पुढच्या फ्रेमला नसतो. हे खाली उतरत येतंय. राख हाय ती!”

“तुमाला लई राख कळती?”

“थर्मल वीज केंद्राच्या गावची हाय मी. वाळत घातलेल्या कपड्यांवरनं रोज झटकते.”

साहेबांनी आम्हा दोघांनाच ती राख परत आणायला बसवलं. प्रत्येक ठिपक्याला तो विचारायचा, “ठेवू की काढू?” मी खेकसायचे, तो हसायचा. मग खेकसताना मलाही हसू यायला लागलं... आणि त्या हसण्याचाही राग यायला लागला. एकदा चहा घेताना तो माझ्या केसांकडे बघत राहिला.

“पंचशीला, केसात राख हाय. ठेवू की काढू?”

“ठेव,” मी म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक. कान मात्र गरम झाले.

डिस्क आली तेव्हा साहेबांनी आमचा फोटो काढला. मधे डिस्क, तिच्या कव्हरवर ती राखेतली बाई; डिस्कच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. आठवडाभर मी तो फोटो रोज उघडून बघत होते. खोटं कशाला बोलू!

मग त्याची बहीण राजनंदिनी डबा घेऊन आली. “दादा इथं एकटाच असतो वाटलं,” ती म्हणाली. “ह्यानं घरी धाडलेल्या फोटूत एकटाच हाय की.” तिनं फोन पुढे केला.

अजिनाथ, डिस्क आणि भिंत. मी उभी होते तिथे नुसती भिंत. इतकं सफाईदार काम त्यानं सिनेमात कधी केलं नव्हतं!

राजनंदिनी जिना उतरेपर्यंत मी दात आवळून बसले.

“कावून काढलंस मला? डाग हाय का मी?”

“घरी विचारतील... कोण, कुठली, आडनाव काय...”

“मग सांगायचं! वाघमारे. भीमनगर. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेऊन मान वर केली, ती मी तुझ्या फोटूसाठी खाली घालू?”

“भ्या वाटलं गं.”

“दिवसभर भुतं बघतोस अन् आईला भितोस?”

त्यानंतर मी बोलणंच बंद केलं. खुर्ची उचलली आणि पार खिडकीपाशी नेली. तो रोज माझ्या टेबलावर चहा ठेवायचा. मी तो थंड होऊ द्यायचे आणि मनातल्या मनात त्याला शिव्या द्यायचे. आठवण आली की आणखी दोन जास्त.

एका दुपारी तो खिडकीपाशी येऊन उभा राहिला. हातात फोन. स्क्रीनवर आमचा खरा फोटो, मीही असलेला. घरच्या ग्रुपवर माझ्यादेखत पाठवला.

लगेच फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला.

“अजिनाथ, ही कोण रे बाजूला? आधीच्या फोटूत न्हवती.”

“होती, आई. मीच काढली होती. चुकलं माझं. पंचशीला वाघमारे हाय ती... भीमनगरची. मला लई आवडती. लग्न करीन तर हिच्याशीच.”

पलीकडून फोन कट झाला.

तो पांढराफटक. मी म्हणाले, “माझा राग गेलेला न्हाई.”

“ठाव हाय. पण... जाऊ नको.”

“जातंय कोण? इथंच बसून रागावणार हाय.”

फोन पुन्हा वाजला. आईच. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही की काही विचारलं नाही. एका हातानं स्पीकर लावला आणि दुसऱ्यानं माझी खुर्ची, माझ्यासकट, स्वतःच्या शेजारी ओढली.