जिना खचलाय म्हणाला

दिवा राहू दे तिथंच. ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्या कारखान्यातल्या फिटरवर गुदरलेली. एरवी गप्पिष्ट माणूस, पण हे त्यानं मला एकदाच सांगितलं.

पूर आला तेव्हा तो रजा टाकून शाळेतल्या छावणीत गेला. भांडी घासायचा, औषधं आणायचा, कुणी रडायला लागलं की शेजारी बसून राहायचा. पहिल्या तीन रात्री तो एका टेलरपाशी बसला. "आई दोन वर्षांमागंच गेली, भाऊ. सुटली बिचारी. नाहीतर हे बघावं लागलं असतं," म्हणत टेलर याच्या खांद्यावर डोकं टेकून रडायचा. टेलरची बायको भिंतीकडं तोंड करून बसलेली.

आठव्या दिवशी, मंगळवारी, पाणी ओसरलं. टेलरनं किल्ली दिली.

"भाऊ, खालच्या कपाटातली घराची कागदपत्रं तेवढी आणा. माझा पाय निघत नाही. आणि वर जाऊ नका हं, जिना खचलाय."

संध्याकाळचे पावणेआठ. गल्लीत वीज नाही. फिटर बॅटरी घेऊन आत शिरला. घोटाभर चिखल. कागदपत्रं सापडली. निघणार, तोच...

"आलास का रे?"

वरून.

हसा, हसा. दिव्याजवळ कोण सरकलं ते दिसतंय मला.

जिना भक्कम होता. वरच्या खोलीला बाहेरून कडी. त्यानं काढली. खाटेवर एक म्हातारी बसलेली.

"आजी, तुम्ही...?"

"टेलरची आई. मला चालता येत नाही ना, बाळा. लगेच येतो म्हणाला..."

फिटर शेजारी बसला. तिचा हात हातात घेतला. गार.

"मी आलोय ना आता. स्ट्रेचर घेऊन येतो. लगेच."

ती हसली.

"तोही असंच म्हणाला."

तो धावत गेला. छावणीतल्या डॉक्टरांना आणि आणखी एकाला घेऊन परतला. म्हातारी खाटेवरच होती. आडवी. डॉक्टर म्हणाले, जाऊन तीन-चार दिवस झालेत. पाणी वर आलंच नव्हतं. तहानेनं गेली.

म्हणजे टेलर खांद्यावर रडत होता, तेव्हा... ती जिवंत होती.

छावणीत टेलरनं एवढंच विचारलं, "वर गेला नाहीत ना?"

फिटरनं शर्ट काढला. ज्या खांद्यावर ते डोकं टेकलं होतं, तो नळाखाली घासत राहिला. कातडी सोलेपर्यंत.

पोलीस टेलरला घेऊन गेले. सकाळी छावणीची नावनोंदणीची वही उघडली. टेलरच्या कुटुंबापुढं लिहिलेलं, माणसं दोन. त्याखाली चिखलाचा एक अंगठा. कुणाचा, कुणी उठवला... कुणालाच माहीत नाही.

ते पान फिटरनं फाडून जपून ठेवलेलं, मला दाखवलं. अकरा वर्षांनी. मी बोट लावून पाहिलं.

ओलं होतं.