बाबांनी सांगितलं, धुकं आहे

खोटं वाटलं तर वाटू दे. मला कुणाला पटवत बसायचं नाहीये. पण हे घडलंय. डोंबिवलीत मानपाड्याला, माझ्या सख्ख्या भावाच्या घरी, यंदाच्या किंक्रांतीच्या सकाळी. मी वर्तकनगरला राहते. संक्रांतीला तिकडे गेलेले, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

बाहेर पांढरं दिसलं की त्या घरात एकच प्रश्न. धुकं की धुरकं?

धुकं ओलं असतं. ग्रिलला हात लावला की बोटं भिजतात, ऊन आलं की ते जातं. धुरकं म्हणजे त्यात गाड्यांचा, कंपन्यांचा धूर मिसळलेला. घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात. माझ्या भावाची, केदारची मुलगी सान्वी सहा वर्षांची आणि तिला दमा. धुरकं घरात शिरलं की पोरगी ॲडमिट.

म्हणून आमचे बाबा रोज सकाळी दूध आणायला उतरले की खाली उभे राहून हवा बघायचे. मग चौथ्या मजल्यावर हाक द्यायचे. ते "धुकं आहे" म्हणाले तरच खिडकी उघडायची. बाबा बोलले की विषय संपला.

बाबा गणपतीत गेले.

त्या सकाळी केदार फर्स्ट शिफ्टला गेलेला. मी अंथरुणं काढत होते. वहिनी, रसिका, सान्वीची वेणी घालत होती. समोरची बिल्डिंगसुद्धा दिसत नव्हती.

कावळे नाहीत. रिक्षा नाही. कुणाच्या कुकरची शिट्टी पण नाही...

आणि खालून हाक आली.

"रसिका, धुकं आहे गं. उघड."

रसिका उठली आणि तिने खिडकी सरकवली. इतक्या वर्षांची सवय मेली, दुसरं काय! मग तिचा हात तिथेच थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. 

मी ग्रिलला हात लावला...

कोरडंठाक.

सान्वी खोकायला लागली. मी खिडकी ओढली, हलेना. दोघींनी ओढली, तरी नाही. बाहेरून कुणीतरी धरून ठेवलेली. चौथ्या मजल्यावर हो!

रसिका पोरीला उचलून आतल्या खोलीत पळाली. ते पांढरं तिच्या मागोमाग आत गेलं. तिने दम्याचा पंप दिला, परत दिला. सान्वीचे ओठ निळे पडत चालले होते.

मी खिडकीशी हात जोडले. रडत म्हटलं, "बाबा, सोडा. आपली सान्वी आहे ती."

आवाज आता खालून नव्हता. ग्रिलच्या अगदी पलीकडून आला... शांत.

"माहित्ये मला."

मग खिडकी आपली आपण लागली.

हॉस्पिटल येईपर्यंत पोर गेली. माझ्या मांडीवर गेली.

बाबा तिच्यावर कधी साधं ओरडले नव्हते. मग का? मी रोज विचार करते, डोकं फुटायची वेळ येते. 

केदारला आम्ही एवढंच सांगितलं की खिडकी चुकून उघडी राहिली. रसिकाने सगळा दोष स्वतःवर घेतलाय.

त्याने हॉलमध्ये सान्वीचा फोटो बाबांच्या फोटोला अगदी चिकटून लावलाय. कामावरून आला की दोघांसमोर उदबत्ती लावतो आणि मी तिकडे असले की मला म्हणतो, "ताई, निदान बाबांजवळ आहे ती. ते सांभाळतील तिला."

रसिका उठून आत जाते. मी हो म्हणते.