तिसऱ्या हाकेपर्यंत

ही गोष्ट मी कोणाकडून ऐकलेली नाही. ती माझ्याच हातून घडली आहे, आणि ‘माझ्या हातून’ हे शब्द मी विचार करूनच लिहिते आहे.

शनिवार, १४ ऑक्टोबर २०२३. सर्वपित्री अमावस्या.

रात्र नव्हती. लख्ख दुपार होती.

हिंगोली जिल्ह्यात, नरसी नामदेवच्या खालच्या अंगाला कयाधूच्या काठावर आमची पंधरा-वीस घरांची वस्ती आहे. तिचे नाव लिहीत नाही. ओळखीची माणसे वाचतील.

रस्ता नदीच्या पलीकडे. पावसाळा सरला तरी पाणी छातीएवढे असते, म्हणून थर्माकोलचा तराफा ठेवला आहे. दोन्ही काठांच्या झाडांना दोर बांधलेला; तो धरून तराफा ओढत न्यायचा. या खोलगटात मोबाईलला रेंज नाही. त्यामुळे आमच्याकडे अजून हाकच चालते. पलीकडून हाक आली की कोणीतरी तराफा घेऊन निघतो.

आमचे घर काठाला सर्वांत जवळ.

पण हाकेचा एक नियम आहे. मोतीबाई काकीने तो मला लहानपणीच शिकवला होता.

“तीन हाका झाल्याबिगर ओ द्यायची न्हाई, निलम. माणूस तीनदा हाक मारतं. ते दुसरं दोनदाच मारतं.”

शेजारच्या खाजा चाचांची थोरली मुलगी सबीहा माझी जिवाची मैत्रीण. ती यावर खदखदून हसायची.

“तुमच्या भुतांना दोनच्या पुढं मोजता येत न्हाई का गं? शाळेत घाल त्यांना!”

लग्न होऊन ती वाशिमला गेली. त्या शनिवारी ती येणार आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

बा आणि खाजा चाचा नरसीला गेले होते; सकाळी त्यांना पलीकडे सोडून मीच तराफा परत आणला होता. मी घरी एकटी होते. पितरांचे पान वाढून मी नुकतीच उंबऱ्यात येऊन बसले होते.

आणि...

“निलम...”

पलीकडच्या काठावरून. बारीक, ओढलेला आवाज.

मी उठले. घड्याळ पाहिले. बारा वाजून दहा मिनिटे.

“ए निलम...”

सबीहाचाच आवाज. शंकाच नव्हती. पण सबीहा तर वाशिमला होती.

पलीकडे झाडी दाट आहे. कोणी दिसले नाही.

मी तिसऱ्या हाकेची वाट पाहिली.

पाण्याचा आवाज थांबल्यासारखा झाला. होल्यांचे घुमणेही थांबले...

तिसरी हाक आली नाही.

मी विद्यापीठात शिकले आहे. मुलांना विज्ञान शिकवते. तरीही त्या क्षणी मी घरात गेले, दाराला कडी घातली आणि टीव्हीचा आवाज मोठा केला. खूप मोठा.

पाच वाजता लाईट गेली. त्या शांततेत बाचा आवाज आला.

“निलम! ए निलम!”

मी तेव्हाही थांबले. माझा बाप पलीकडून ओरडत होता आणि मी मोजत होते.

तिसऱ्या हाकेला मी बाहेर पडले. तराफा पलीकडे नेला.

पायवाटेच्या कडेला सबीहा पडलेली होती. पायाच्या घोट्यावर दातांच्या दोन खुणा. खाजा चाचांनी तिचे डोके मांडीवर घेतले होते.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “एक-दोन तास आधी आणायला पाहिजे होतं.”

चाचांनी मला एकदाच विचारले.

“बेटा, तुला काई आवाज आला नव्हता का?”

“न्हाई चाचा. टीव्ही चालू व्हता.”

दीड महिन्याने पहिल्यांदा तो आवाज पुन्हा आला. अशाच टळटळीत दुपारी...

“निलम... ए निलम...”

दोनदाच.

तेव्हापासून मी पहिल्याच हाकेला धावते. तराफा ओढत पलीकडे जाते. तिथे कोणी नसते. घाटावर बायका हसतात.

“काहून गं निलम, आज कोणाला आणून राहिली? वाऱ्याला?”

मी तराफा बांधते. त्यांच्यापैकी कोणालाही तो आवाज येत नाही.

गेल्या महिन्यात मात्र सहन होईना. चाचा ओट्यावर दोर वळत बसले होते. मी समोर बसले आणि सांगून टाकले.

“चाचा, मी खोटं बोलले व्हते. सबीहानं मला दोन हाका मारल्या. मी गेले न्हाई.”

त्यांचे हात थांबले.

“किती वाजले व्हते?”

“बारा-दहा.”

“बराबर?”

“घड्याळ पाहिलं व्हतं मी.”

त्यांनी दोर बाजूला ठेवला. मग त्यांनी धाकट्या मुलीला आवाज दिला. “रुबीना, आपाची पर्स आण.”

रुबीनाने सबीहाची पर्स आणली. चाचांनी त्यातून एसटीचे तिकीट काढले. शाई उडत चालली होती, पण आकडे वाचता येत होते.

हिंगोलीहून. त्याच दिवशीचे. वेळ, एक वाजून पाच मिनिटे.

“पाहा,” चाचा म्हणाले. “बारा वाजता ती इथं नव्हतीच. हिंगोलीतून निघालीबी नव्हती. तुला भास झाला, बेटा. तुझी काई चूक न्हाई. ही तकलीफ सोड आता.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मला हलके वाटायला हवे होते.

पण घरी येऊन मी हिशेब मांडला. सबीहा काठावर पोचली असेल दोनच्या सुमारास. तिने खऱ्या हाका तेव्हा मारल्या असतील. किती मारल्या, कोण जाणे.

तेव्हा माझे दार बंद होते. टीव्ही ओरडत होता.

मग बारा-दहाला मला कोणी बोलावले?

ती सूचना असेल, तर माझ्या हाती जवळजवळ दोन तास होते. आणि मला दाराआड कोंडण्यासाठीच ती हाक आली असेल, तर मी ज्याला भ्यायले, त्याच्याच मनासारखे केले.

हे चाचांना कसे सांगू?

आज सकाळी साडेअकराला ती हाक पुन्हा आली. आवाज सबीहाचाच...

पण नाव माझे नव्हते.

“रुबीना... ए रुबीना...”

रुबीना हिंगोलीला कॉलेजात आहे. तिथून ती दुपारच्या गाडीने परतते. मी तराफा घेऊन लगेच पलीकडे आले. पायवाट काठीने झोडपत फाट्यापर्यंत दोनदा जाऊन आले. काही दिसले नाही. आता काठावर बसून हे फोनमध्ये लिहिते आहे. रेंज मिळाली की पाठवीन.

हाक सावध करणारी आहे की मला इथे आणून बसवणारी, ते अजून कळत नाही.

फाट्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला.

मी काठी घेऊन निघते आहे.