प्रत्येक फर्म्यात पाच चुका

पृथ्वी गोल आहे, हे सत्य हाती लागायला माणसाला हजारो वर्षं लागली. त्यासाठी लोकांनी जहाजं बांधली, ताऱ्यांकडे बघत रात्री काढल्या, बायकामुलांना किनाऱ्यावर ठेवून क्षितिजापलीकडे गेले. चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे बसलेल्या तिच्या लेखी या सगळ्या पराक्रमाची किंमत एक गुण होती. चुकलं तर पाव गुण वजा.

परीक्षा सरकारी नोकरीची होती. त्या परीक्षेला ती तीनदा बसली होती आणि तिन्ही वेळा रिकाम्या हातांनी उठली होती. ही चौथी खेप शेवटची, कारण पुढल्या वर्षी तिचं वय नियमात बसणार नव्हतं. या वयानंतर माणसाला नवीन काही शिकता येत नाही, असं सरकारचं मत होतं. आणि ते मत ज्यांनी कागदावर आणलं ते सगळे साठीच्या घरातले होते. या वेळी नाही झालं तर हेच काउंटर. दुकानाचे मालक, ज्यांना गिऱ्हाइकांपासून सगळेच ‘काका’ म्हणत, त्यांनी मोठ्या मायेने सांगून ठेवलं होतं की काळजी करू नकोस, ही खुर्ची तुझीच, म्हातारी होईपर्यंत बस. ते ऐकून ती त्या रात्री दोन वाजेपर्यंत पुस्तक घेऊन बसली होती.

गणित तिला यायचं. इतिहासही, कारण त्यात भांडणं असतात. घोडं अडायचं ते जगाच्या भूगोलाशी. दुनियेतल्या नद्या, वाळवंटं, राजधान्या तिच्या एका कानातून आत यायच्या आणि शहाण्या पाहुण्यासारख्या चहा न घेताच दुसऱ्या कानातून निघून जायच्या.

अशाच एका मंगळवारी दुपारी तो दुकानात आला. उंच होता, पण मानेशी वाकलेला — जन्मभर बुटकं टेबल वाट्याला आल्यासारखा. जवळचं नीट दिसत नाही म्हणाला. काकांनी आतल्या खोलीत नंबर काढला आणि डोळ्यांमधलं अंतर मोजायला त्याला बाहेर तिच्यासमोर बसवलं.

हे काम ती दिवसातून दहादा करायची. नाकाच्या दांडीवर पट्टी आडवी धरायची आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा... आता उजव्या. माणसं अशा वेळी छताकडे बघतात, नाहीतर हसतात. हा हसला नाही. एखादा मजकूर पहिल्या ओळीपासून घाई न करता वाचावा, तसा तो बघत राहिला. पट्टी किंचित हलली. पट्टीला काही कारण नव्हतं.

“त्रेसष्ट,” ती म्हणाली आणि कार्डावर लिहिलं.

“तुम्ही त्रेसष्ट म्हणालात,” तो हळूच म्हणाला, “आणि पासष्ट लिहिलंत.”

सहा वर्षांत तिची ही पहिली चूक. ती दुरुस्त करता करता, जरा घुश्शातच, तिने विचारलं की लोकांच्या चुका काढण्याचा धंदा आहे का तुमचा. तो म्हणाला, हो. एका छापखान्यात तो प्रुफं तपासायचा. अक्षरं जुळवायलाही तोच, आणि कुणी रजेवर असलं तर चहा आणायलाही तोच. कसली पुस्तकं छापता, असं तिने विचारलं, तेव्हा त्याची नजर तिच्या कोपराखालच्या लाल पुठ्ठ्याच्या जाडजूड मार्गदर्शकावर गेली आणि त्याचा चेहरा पडला.

“ही,” तो म्हणाला.

तिने पुस्तक उघडलं नाही. गरजच नव्हती. “पान एकशेबारा. जगातलं सर्वांत खोल सरोवर?”

“बैकल.”

“तुमच्या पुस्तकात सुपीरियर आहे.”

मग तिने सांगितलं. अगदी सपाट आवाजात, चष्म्याची हमी किती महिन्यांची ते सांगावं तसं. गेल्या वर्षी हाच प्रश्न आला होता. शाळेपासून तिला एवढं एकच सरोवर पाठ, बैकल. पण आदल्या दिवशी पुस्तक वाचलेलं. छापलेलं खोटं कसं असेल, म्हणून तिने सुपीरियर काळं केलं. निकाल एका गुणाने हुकला.

तो माफ करा म्हणाला नाही. आगाऊ रक्कम ठेवली, पावती घेतली, आणि दारात दोनदा वळून बघत निघून गेला. दुसऱ्यांदा काचेला धडकला. काका म्हणाले, नंबर बरोबरच काढलाय मी.

गुरुवारी तो चष्मा न्यायला आला तेव्हा त्याच्या बगलेत एक पाकीट होतं. नव्या आवृत्तीच्या भूगोलाचा पहिला फर्मा — सोळा पानांचं एक प्रूफ. छापायच्या आधी तुम्ही बघाल का, त्याने विचारलं. दर गुरुवारी एकेक आणीन. ती म्हणाली, मला मरायला फुरसत नाही, परीक्षा आहे. तो म्हणाला, हे तेच आहे.

“माझ्या डोक्यात काही राहत नाही हो,” ती म्हणाली. “बरोबर असलेलं तर मुळीच नाही. कुणाची चूक मात्र मी जन्मात विसरत नाही. धाकट्या मावशीने वीस वर्षांपूर्वी आईला काय म्हटलं होतं, ते मला स्वल्पविरामासकट पाठ आहे.”

त्याने पुढे केलेलं पाकीट परत बगलेत धरलं. “मग जमेल,” तो म्हणाला. “पहिला फर्मा पुढच्या गुरुवारी आणतो.”

असे गुरुवार सुरू झाले. दुपारी तीन ते चार गिऱ्हाईक कमी असायचं. चष्म्याच्या रिकाम्या फ्रेमा भिंतीवरून रांगेने बघत असायच्या आणि खाली ही दोघं, मध्ये नकाशांचं पुस्तक. तिच्या हातात लाल पेन. पहिल्या फर्म्यात ऑस्ट्रेलियाची राजधानी सिडनी होती. तिने कॅनबेरा लिहिताना पेन इतकं दाबलं की कागद फाटला. दुसऱ्यात लेसोथो या देशाला चहूबाजूंनी वेढणारे देश दोन होते. एकच आहे, एकच, असं ती घरी जेवताना स्वतःशी म्हणाली, तेव्हा आईने पोळी वाढायचा हात आवरला. काकांनी त्याचं नाव बैकल ठेवलं. “आले बघ तुझे बैकल,” ते आतून ओरडायचे, आणि ती केस नीट करून अजिबात लक्ष नसल्यासारखी बसायची.

एकदा त्याने विचारलं, सामुद्रधुनी म्हणजे काय, सांगा पाहू. दोन समुद्रांना जोडणारी चिंचोळी पट्टी, ती म्हणाली.

“आणि?”

“आणि दोन जमिनींना वेगळं करणारी.”

“किती रुंद असते?”

तिने काउंटरकडे पाहिलं. “ही दोन फूट आहे,” ती म्हणाली आणि एकदम फ्रेमा पुसायला उठली. एकच फ्रेम तिने चारदा पुसली... तो नकाशात काहीतरी शोधत राहिला. पुस्तक उलटं होतं.

आठवा, शेवटचा फर्मा आला तेव्हा परीक्षा तीन आठवड्यांवर होती. तो घाईत होता, पाकीट ठेवून गेला. तिने उघडलं तर प्रुफांमागून हाताने लिहिलेले कागद निघाले. लेखकाची मूळ प्रत. कुणा निवृत्त शिक्षकाचं ठसठशीत अक्षर. तिने सवयीने ताडून पाहिलं. शिक्षकाचं सगळं बरोबर होतं. चुका नुसत्या प्रुफात होत्या. पाच. तिने घरी जाऊन जुने सातही गठ्ठे काढले आणि आपल्या लाल खुणा मोजल्या. पाच, पाच, पाच. मेली खरी चूक कधी अशी मोजून मापून येते का? या चुका कुणीतरी पेरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काकांना न सांगता तिने छापखाना गाठला. शाईचा उग्र वास, कागदांच्या थप्प्या, आणि सगळं पोटात घेऊन धडधडणारं यंत्र. कोपऱ्यात दिव्याखाली तो बसला होता. टेबल खरंच बुटकं होतं.

तिने कागद त्याच्यापुढे टाकले. आवाज चढवावाच लागला. यंत्रापुढे साधा ऐकूही गेला नसता. “माझी शेवटची परीक्षा आहे,” ती म्हणाली. “एकदा तुमच्या पुस्तकाने घालवली. आता तुम्ही मुद्दाम माझ्या डोक्यात खोटं भरताय?”

तो उभा राहिला. पांढराफटक. मग म्हणाला, “डॅन्यूब नदी किती राजधान्यांमधून जाते?”

“चार. तुम्ही तीन लिहिल्या होत्यात, बेलग्रेड खाल्लं होतंत. विषय बदलू नका.”

“सर्वांत उंच धबधबा?”

“एंजल, व्हेनेझुएलात. तुम्ही तो ब्राझीलला देऊन टाकला होतात. दिव्य.”

“दुहेरी भूवेष्टित देश, ज्यांच्या शेजाऱ्यांनाही समुद्र नाही—”

“लिकटेन्स्टाइन आणि उझबेकिस्तान. तुम्ही तिथे...” आणि ती थांबली.

आठ फर्मे, चाळीस चुका. चाळीसच्या चाळीस उत्तरं तिच्या डोक्यात ठाण मांडून बसली होती, धाकट्या मावशीच्या शेजारी.

“छापलं ते मुळाबरहुकूम छापलंय,” तो म्हणाला. “मी तीनदा बघितलंय. चुका फक्त तुमच्या प्रतीत होत्या. तुम्हीच म्हणाला होतात, चूक विसरत नाही म्हणून... पहिले तीन फर्मे तेवढ्यासाठीच केले.”

“आणि पुढचे पाच?”

त्याने चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. “पुढच्यांत चुका नसत्या, तर तुम्ही म्हणाला असतात की आता तपासायचं काही राहिलं नाही. मग मी गुरुवारी कुठल्या तोंडाने आलो असतो...”

यंत्र तेवढ्यात कागद संपून बंद पडलं. एकदम इतकी शांतता झाली की दोघंही ओशाळली.

तिला खूप बोलायचं होतं. तीन वर्षं प्रत्येकजण तिला धीर देत आला होता. आई म्हणायची, तुला जमेल. काका म्हणायचे, नाही जमलं तरी बिघडलं कुठे. तिला नेमकं कसं जमतं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. तिने वैतागून बोललेलं एक वाक्य या वाकड्या मानेच्या माणसाने जपून ठेवलं होतं आणि आठ आठवडे रात्र रात्र जागून, स्वतःच्या धंद्याला बट्टा लावून, तिच्यासाठी चुका केल्या होत्या. चुका काढण्यावर पोट असलेल्या माणसाला एक चूक करताना काय होत असेल, हे तिला कळत होतं. पट्टी हलली होती तेव्हा तिला ते कळलं होतं.

“शर्टाने पुसू नका,” ती म्हणाली. “काचेला ओरखडे पडतात.” तिने चष्मा काढून घेतला, पर्समधल्या मऊ फडक्याने दोन्ही काचा पुसल्या, आणि स्वतःच्या हाताने त्याच्या कानांवर चढवला. अंतर मोजायचं कारण नव्हतं, तरी हात जरा वेळ तिथेच राहिले. “आभार,” ती म्हणाली. शब्द फार लहान वाटला, म्हणून पुन्हा म्हणाली.

“परीक्षेनंतर काय आणू मग?” त्याने विचारलं.

“काही आणू नका,” ती म्हणाली. “नुसते या.”

तो आला. गुरुवारी आला, मग इतर वारीही यायला लागला. निकाल लागला, त्यात तिचा क्रमांक वरून अकरावा होता. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं. नवीन ऑफिसात कुणीही यशाचं रहस्य विचारलं की ती आजही सांगते, माझ्या नवऱ्याने मला पृथ्वी शिकवली, आणि हे सांगताना तिचे डोळे दर वेळी भरून येतात.

त्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत जगाच्या भूगोलावर दोन प्रश्न होते. एक परीक्षा मंडळाने नंतर रद्द केला. दुसरा होता: जगातला सर्वांत मोठा महासागर कोणता?