तिसरं कडवं

तळ्याचं गाणं तिसऱ्या कडव्याला आलं की घरातल्या थोरल्याने गाणारणीचा गळा आवळायचा, आणि का आवळायचा हे कोणी विचारायचं नाही. चौलच्या त्या घरात केसर हे लहानपणापासून ऐकत आली होती. वैशाखात तळं आटलं की घरातली एक बाई भर दुपारी पायरीवर बसून गाई. गळा आवळला की सूर चिरके, मग तुटे. लोक हात जोडत. हजार वर्षांपूर्वीही हे असंच गात, असं सगळे म्हणत.

इतकी वर्षं गाणाऱ्या नीराआत्याचा आवाज आता पार गेला होता. यंदा पाळी केसरची. गाणं घेतलेल्या बाईने गाव सोडायचं नसतं, म्हणजे मुंबईचं कॉलेज संपलंच.

"हजार वर्षांपूर्वीचं ऐकलंय कोणी, काका?" तिने सकाळी विचारलं. "आत्याने आजीचं ऐकलं, आजीने पणजीचं. एखादीला खोकला असेल, तर तोही आपण जपला असेल."

"चार बुकं शिकलीस, आता देवालाही शिकीव," घरातले थोरले चांगदेवकाका म्हणाले. "तू न्हाय बसलीस तर नीरा बसेल."

आत्याने पदर गळ्याभोवती घट्ट ओढून घेतला. म्हणून केसर बसली.

पोफळीचं पानही हलत नव्हतं. तळातल्या चिखलाचा कुबट वास येत होता. हातात टाळ घेऊन तिने दोन कडवी म्हटली. तिसऱ्याला काकांचा राकट हात गळ्यावर आला. सूर चिरकला...

आणि काकांच्या बोटांखाली तिला आणखी बोटं लागली. बारीक, गार, ओली. ती दाबत नव्हती. काकांची बोटं उचकटत होती... एकेक करून...

केसरचे दोन्ही हात टाळांत होते. आत्या लांब, वरच्या पायरीवर होती.

पकड सुटली तशी ती उठली. टाळ चिखलात पडले.

"पहिल्यांदा हे गाणारीला इथे बुडवली," ती हळूच म्हणाली. "गाता गाता. तळ्याला पाणी यावं म्हणून. तिचं गाणं कसं होतं, तुम्हांला ठाऊकच नाही. ती गुदमरली कशी, तेवढं मात्र पिढ्यान् पिढ्या पाठ केलंत."

"खाली बस. कडवं पुरं कर."

"मी नाही गाणार. आणि आत्याच्या गळ्यालाही यापुढे कोणी हात लावायचा नाही."

काकांनी तिला धरायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. मनगटावर पाच बोटांचे ओले ठसे होते. पायरीवर पाय ठरत नव्हता इतकं ऊन, पण ठसे वाळेनात. म्हातारी माणसं बघत राहिली.