मागच्या सीटवरचा आवाज

फलटणहून कवठे महांकाळला जायचं म्हणजे चार-साडेचार तासांचं काम. दहिवडी, मायणी, विटा, तासगाव. मे महिना होता, ऊन चढायच्या आत निम्मा रस्ता मागं पडावा म्हणून संयोगितानं सकाळी आठलाच गाडी काढायला लावली. सामान असं काही नव्हतंच. एक पिशवी, पाण्याच्या दोन बाटल्या, काकडीच्या फोडींचा डबा, आणि मागच्या सीटवर पट्ट्यानं आवळून बांधलेला पिंजरा.

पिंजऱ्यात मेजर होता. राखाडी अंगाचा, लालभडक शेपटीचा आफ्रिकन पोपट. संयोगिताचे सासरे सुभेदार लालासाहेब, घरातले आबा, फौजेतून घरी आले, ऊसशेतीत रमले, पण सासूबाई गेल्यावर एकटे पडले. तेव्हा विश्वजीतनं, म्हणजे संयोगिताच्या नवऱ्यानं, सहा वर्षांपूर्वी हा पोपट पुण्याहून आणून दिला. विश्वजीत स्वतः फौजेत, वर्षातले दहा महिने बाहेर. आबांनी पाखराचं नाव मेजर ठेवलं. नोकरीत मेजरांचे हुकूम ऐकले, आता मेजर माझं ऐकतोय, असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

मेजर बोलायचा तो हुबेहूब आबांच्या आवाजात. तोच घोगरा खर्ज, वाक्याच्या शेवटी दम लागल्यासारखा खाली येणारा तोच सूर. सोप्यातून 'संयोगिता, च्या टाक' असं ऐकू आलं की माणूस बोललं की पाखरू, हे बाहेर येऊन बघितल्याशिवाय कळायचं नाही.

मार्चमध्ये आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्यांची मुलगी माया कवठे महांकाळला एका खाजगी दवाखान्यात नर्स होती, तिनं त्यांना आपल्याकडं नेलं. इकडं मेजरही त्याच दिवसापासून मुका झाला. दाणे खायचा, पाणी प्यायचा, पण चोचीतून शब्द नाही. संयोगिता रोज सकाळी पिंजऱ्यावरचा कपडा काढून त्याच्याशी बोलून बघायची, तो नुसता एका डोळ्यानं बघत राहायचा.

डॉक्टर मायाला म्हणाले होते की ओळखीचे आवाज त्यांच्या कानावर पडू द्यात. मायाच्या मनात आलं, आबांचा स्वतःचाच आवाज त्या पाखराजवळ आहे. तोच त्यांना ऐकवून बघू. म्हणून हा प्रवास.

गाडी नाथाजीकाका चालवत होते. एसटीत तीस वर्षं काढलेला माणूस, आबांचा रोज संध्याकाळचा सोबती. संयोगिता मागं पिंजऱ्याजवळ बसली होती. पाखरू बुजू नये म्हणून पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी चादर लावली होती, फक्त तिच्या बाजूला वीतभर फट. पाण्याची वाटी सांडते म्हणून काकडीच्या फोडी. एसीचं वारं थेट लागू नये म्हणून झडपा वर केलेल्या. पशुवैद्यानं सांगितलेलं सगळं तिनं केलं होतं.

मोगराळ्याचा घाट चढून वर आलं की ऊस संपतो आणि मोकळं, तांबूस माळरान लागतं. दहिवडी जवळ आली तेव्हा चादरीच्या आतून कुणीतरी घसा खाकरला.

नाथाजीकाकांनी आरशात बघितलं. संयोगितानंही फटीतून आत बघितलं. मेजर दांडीवर अंग चोरून बसला होता.

"कुठवर आलो?" तो म्हणाला.

दोन महिन्यांनी ऐकलेला तो आवाज. संयोगिताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काकांना इतका आनंद झाला की ते बोलूनही गेले, दहिवडी आली म्हणून. गाडीत बसलं की सुभेदार दर दहा मिनिटांनी हेच विचारायचे, असं ते हसत हसत सांगायला लागले. संयोगितानं मायाला फोन लावला, पण ती नऊला ड्युटीवर गेलेली, फोन उचलला नाही. आबांजवळ दहा वाजता मंगल नावाची बाई यायची आणि दुपारपर्यंत थांबायची. आता पोचल्यावरच सगळ्यांना चकित करू, असं म्हणून संयोगितानं फोन ठेवून दिला.

मायणी मागं पडली. ऊन पांढरं व्हायला लागलं होतं. मेजर मधून मधून 'कुठवर आलो' विचारत होता. विटा सात-आठ किलोमीटर राहिलं असेल, तेव्हा त्यानं एकदम पंख फडफडवले. पिंजरा हादरला. मग पुन्हा शांत.

"पडलो," तो म्हणाला.

दांडीवरून घसरला असेल म्हणून संयोगितानं बघितलं. मेजर जागच्या जागी बसला होता, पण चोच उघडी आणि मान एका बाजूला कललेली.

"तांब्या घ्याया गेलो न् पडलो. तोंड भिताडाकडं झालंय. फरशी गार हाय."

काकांनी गाडीचा वेग कमी केला. आबांच्या तोंडी ही वाक्यं कधी आली नव्हती. झटक्याआधी ते खणखणीत होते, आणि झटका आला तेव्हा वाचाच गेली. मग हे पाखरू शिकलं कुठं?

"लाईट गेली. पंखा थांबलाय." आवाज हळू झाला होता. "मंगल आली न्हाई आज... संयोगिता, दार उघड गं."

मंगलचं नाव मेजरसमोर कधीच निघालं नव्हतं.

काकांनी कडेच्या लिंबाखाली गाडी उभी केली. संयोगिता चादर बाजूला करून पिंजऱ्याकडं बघत राहिली. मग तिनं अगदी हळू, स्वतःलाच ऐकू येईल न येईल असं विचारलं.

"आबा?"

पाखरानं तिच्याकडं बघितलं. नेहमीसारखं एका डोळ्यानं नाही. मान सरळ करून, समोरून.

"व्हय," ते म्हणालं.

तिनं दवाखान्याच्या नंबरवर फोन लावला. माया फोनवर आली ती वैतागूनच. आबा निवांत झोपलेत, मंगल जवळ आहे, उगाच काय घाबरताय, असं म्हणाली. संयोगितानं काही समजावलं नाही. एवढंच म्हणाली, "माया, मंगलला फोन नको करूस. आत्ताच्या आत्ता घरी जा. आबा फरशीवर पडलेत, भिंतीकडं तोंड करून."

पंधरा मिनिटं गेली. झाडाचं पान हलत नव्हतं. काका खाली उतरून गाडीकडं पाठ करून उभे राहिले. आतून अधूनमधून जड श्वास ऐकू येत होता, पाखराच्या छातीत मावणार नाही एवढा मोठा. संयोगिता पिंजऱ्याच्या तारांवर हात ठेवून सांगत राहिली की दम धरा, माया निघालीय. शेवटी मेजर म्हणाला, "दार वाजलं." आणि गप्प झाला.

मिनिटभरानं फोन आला. माया रडत होती. आबा जिवंत होते. कॉट आणि भिंतीच्या फटीत, भिंतीकडं तोंड करून पडलेले. तांब्या आडवा झालेला. गल्लीतली लाईट साडेदहालाच गेली होती. मंगलच्या घरी कुणीतरी आजारी पडलं होतं, तिनं कळवायला फोनही केला होता, पण मायाचा फोन पर्समध्ये कपाटात बंद.

"वहिनी, तुला तिकडं कसं कळलं?" मायानं विचारलं.

संयोगितानं सांगितलं, येते मग बोलू.

पुढचा रस्ता कसा सरला ते दोघांनाही नीट आठवत नाही. तासगावच्या द्राक्षबागा गेल्या, माळ गेला. पिंजऱ्यातून आवाज आला नाही.

कवठे महांकाळला पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते. मायाचं घर दुमजली, आबांची खोली वर. माया जिन्यातच भेटली. तिचा चेहरा उतरला होता. तिनं सांगितलं की मार फारसा लागलेला नाही, डॉक्टर बघून गेले, पण आबा काहीतरी वेगळंच वागतायत. कदाचित दुसरा झटका असेल, संध्याकाळी सांगलीला नेऊ.

आबा कॉटवर बसले होते. कॉटच्या लोखंडी कडेला दोन्ही हातांनी घट्ट धरून. उजव्या हातानंही. तो हात दोन महिने लोळागोळा पडून होता. संयोगिता दारात उभी राहिली. आबांनी मान वाकडी केली आणि एका डोळ्यानं तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत ओळख होती, पण सासऱ्याची नव्हती. मायानं त्यांच्या ओठाला पेला लावला. त्यांनी खालचा ओठ पाण्यात बुडवला, मान मागं टाकली, तोंड आढ्याकडं करून घोट आत सोडला. पुन्हा ओठ बुडवला, पुन्हा मान वर.

"मघापासून असंच पितायत," माया पुटपुटली.

मागनं काका पिंजरा घेऊन वर आले आणि त्यांनी तो टेबलावर ठेवला. संयोगिता त्यांना थांबवायला वळली, पण तोवर उशीर झाला होता. चादर घसरली. मेजर दांडीवरून सरकत सरकत कडेला आला. त्यानं कॉटवरच्या म्हाताऱ्या माणसाकडं कितीतरी वेळ बघितलं.

"ह्यो कोण हाय?" तो आबांच्या आवाजात म्हणाला. "संयोगिता... माझ्या कापडात ह्यो कोण बसलाय?"

मायाच्या हातातला पेला खाली पडला. आबा त्या आवाजानं दचकले. खांदे वर उचलून, मान आत ओढून कॉटच्या कोपऱ्यात जाऊन बसले.

सांगलीला सगळ्या तपासण्या झाल्या. नवीन झटका नव्हता. उलट हातात पायात ताकद यायला लागली होती, डॉक्टर म्हणाले ही चांगलीच खूण आहे. वागण्याचं काय, तर मेंदूला इजा झाली की माणूस बदलतो, धीर धरा. मायानं ते धरून ठेवलं. पण तिनं वहिनीला हात जोडून सांगितलं की पिंजरा माझ्या घरात नको. दुसऱ्या दिवशी संयोगिता आणि काका मेजरला घेऊन परत निघाले. वाटेत विट्याच्या पुढं खड्डा लागला. मागून आवाज आला, "दमानं, नाथाजी." काका म्हणाले, "व्हय सुभेदार," आणि फलटणपर्यंत आरशात बघितलं नाही.

घरी मेजर दिवसभर बोलायचा. चहा मागायचा. विहिरीवरची मोटर चालू केली का विचारायचा. विश्वजीतला सुट्टी कधी, हेही. एकदा म्हणाला, "हितं हात न्हाईत गं मला." संयोगिता त्या दिवशी जेवली नाही. विश्वजीतचा फोन यायचा तेव्हा ती सगळं ठीक आहे म्हणायची. दुसरं काय सांगणार होती? तिनं पिंजऱ्याचं दार उघडं ठेवायला सुरुवात केली, पण तो बाहेर येत नव्हता. बाहेर आलो तर मांजर हाय, म्हणायचा.

आठव्या दिवशी, उन्हं कलायच्या सुमाराला मायाचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"वहिनी, आबा गच्चीच्या कठड्यावर उभे आहेत... मी कपडे काढायला वर आले तर... दोन्ही हात पसरलेत त्यांनी. खाली रस्ता आहे गं. मी आबा म्हणून हाका मारतेय, ते वळूनसुद्धा बघेनात."

संयोगितानं पिंजऱ्याकडं बघितलं. पाखरू डोळे मिटून बसलं होतं. तिला जे सुचलं ते कसं सुचलं, हे तिला पुढंही कधी सांगता आलं नाही.

"आबा म्हणू नको," ती म्हणाली. "मेजर म्हणून हाक मार. आणि हात पुढं कर."

फोनवर वारा ऐकू येत होता. मग मायाची हाक, घाबरलेली, बारीक. पुन्हा एकदा. मग पायांचा आवाज, गच्चीवर धपकन उतरल्याचा. माया हुंदके देत होती, आले, उतरले, म्हणत होती. संयोगिता भिंतीला टेकून खाली बसली. फोन कानाशी तसाच होता.

पलीकडं कुणीतरी अगदी जवळ आलं. श्वास ऐकू आला. आणि मग एक बाई बोलली.

"उठलास का रे राजा? बोल की. किती दिवस गप्प बसणार?"

पिंजऱ्यावरचा कपडा काढताना संयोगिता रोज सकाळी असंच म्हणायची. आवाजही तिचाच होता.

"माया," तिनं कसंबसं विचारलं, "तिथं कोण आहे?"

"कोणीच नाही," माया म्हणाली. "मी आणि आबा."