अमृतप्पाचा पुकारा

भालकीच्या आमच्या नोंदणी कचेरीतली जुनी रजिस्टरं सीडीवर घ्यायचं काम २००३ साली माझ्याकडं आलं. तांबड्या फडक्यात बांधलेले बस्ते, आत वाळलेला कडुलिंब. तो वास आठवला की अजून जीव कासावीस होतो. रेकॉर्ड सांभाळणारे बसलिंगप्पा कुठलंही पान उघडायच्या आधी त्यातल्या माणसाचा पुकारा करायचे, कोर्टात करतात तसा. मेलेल्यांचाही! मी हसायचो.

"हास बाबा," ते म्हणायचे, "न विचारता कुणाच्या घरात शिरतूस का तू?"

ते रिटायर झाले. मी पुकाराबिकारा काही न करता पंधरा दिवसांत अख्खी खोली स्कॅन केली. कागद ट्रकमधून कुठं गेले, मी विचारलंसुद्धा नाही.

श्रावणात रेणुकाबाई आली. हुलसूरकडची धनगरीण, साठीला आलेली. तिचा बाप अमृतप्पा एक्कावन्न साली, ऐन पंचविशीत, रानाचा हिस्सा भावाच्या नावानं करून, मेंढरं घेऊन गेला तो परतलाच नाही. ती तेव्हा पाच वर्षांची. बापाचा फोटो नाही, काही नाही. रजिस्टरातला त्याचा अंगठा तेवढा उरलेला, तो बघायला ती दरसाल यायची.

मी रुबाबात सीडी घातली. पान आलं. निजामी वळणाच्या उर्दूत नाव होतं, तारीख होती, शिक्का होता. अंगठ्याची जागा कोरी.

पुढचं पान पाहिलं. कोरी. त्याच्या पुढचं. तिथंही कोरी.

"पुकारा केलतास का?" रेणुकाबाईनं विचारलं.

"न्हाई, अक्का."

"कामून?"

मी उगाच माऊस फिरवत राहिलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता तरी कर की, बाबा. माज्याकडं दुसरं काय हाय त्याचं?"

भर दुपारी, त्या रिकाम्या खोलीत, कॉम्प्युटरपुढं उभा राहून मी ओरडलो, "अमृतप्पा वल्द मल्लप्पा, हाजिर हो!"

पडद्यावर काहीच झालं नाही.

खोलीत मात्र ओल्या लोकरीचा वास आला.

रेणुकाबाई दाराकडं बघत होती. रडत होती, हसतही होती. मग पदर सावरून निघाली.

तिची पिशवी राहिली म्हणून मी स्टँडवर धावलो. हुलसूरची गाडी खचाखच भरलेली. ती खिडकीशी होती. शेजारची जागा रिकामी, तरी तिथं कुणी बसत नव्हतं.

कंडक्टर त्या जागेकडं बघत म्हणाला, "अक्का, पोराचं तिकीट तुमीच काढायलाव का?"

रेणुकाबाई लाजली.

"पोरगा न्हाई ओ," ती म्हणाली, "अप्पा हाय माजा."